पुतळा परवडतो, दार परवडत नाही

तरुण मुलगा युद्धात मेला की त्याच्याबद्दल सगळ्यात मोठ्या आवाजात बोलतात ते म्हातारे. मी स्वतः सत्तरी ओलांडली आहे, तेव्हा हे म्हणायचा मला हक्क आहे असं समजते! भाषणं आम्हीच करतो, हार आम्हीच घालतो, 'अमर' हा शब्दही आमच्याच तोंडी. जो गेला त्याला अमर व्हायची घाई नव्हती. त्याला घरी जायचं होतं.

आज जरा भांडायचा बेत आहे, मंडळी. निमित्त झालं एका फोटोचं. माझा भाचा कॅनडात ओंटारिओ प्रांतात राहतो. तिथे हॅमिल्टनच्या विमान संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातलं लँकेस्टर जातीचं एक बॉम्बफेकी विमान आहे. मोठ्या खटपटीने दुरुस्त करून १९८८ साली ते पुन्हा उडवलं गेलं. त्यावर जी अक्षरं रंगवली आहेत ती अँड्र्यू मिनार्स्की नावाच्या कॅनेडियन गनरच्या विमानाची, आणि विमान त्याच्याच स्मरणार्थ ठेवलेलं आहे. भाचा ते बघून आला आणि "मावशी, तुला आवडेल म्हणून पाठवतोय," असं म्हणत त्याने फोटो पाठवला.

दिवाळीत सगळे जमलो तेव्हा तो फोटो या हातातून त्या हातात फिरला आणि घरात दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, काय तो वीर, असे हवेत! दुसऱ्या तटाचं नेतृत्व आमच्या भावोजींकडे. ते म्हणाले, "कसला वीर? झोपलेल्या शहरांवर आग ओतणारे हे लोक. त्यातून इंग्रजांच्या बाजूचे. आपल्याला त्यांचं काय?" भावोजी वयाने मोठे, तेव्हा त्या वेळी मी गप्प बसले. पण मला दोन्ही तट चुकीचे वाटतात, आणि गंमत म्हणजे दोघांची चूक एकच आहे. ती कोणती, ते सांगते.

आधी मिनार्स्कीची हकीकत. कॅनडातल्या विनिपेगचा मुलगा. आई-वडील पोलंडहून आलेले. वडील गेले तेव्हा हा सोळा वर्षांचा. मग घराला हातभार म्हणून चामडं कापायच्या कामाला लागला. पुढे कॅनडाच्या हवाईदलात भरती झाला आणि इंग्लंडला आला. तिथे हे कॅनेडियन लोक ब्रिटिशांच्या बॉम्बर कमांडच्या हाताखाली लढत. लँकेस्टरमध्ये सात जण असत. मिनार्स्कीची जागा विमानाच्या पाठीवरच्या फिरत्या घुमटात, बंदुकीमागे. त्याचा मित्र पॅट ब्रॉफी अगदी टोकाला, शेपटाच्या घुमटात.

१९४४ च्या जूनमधली १२-१३ तारखेची रात्र. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांचं सैन्य उतरून आठवडाही झाला नव्हता. फ्रान्समधल्या कांब्रे इथलं रेल्वेचं यार्ड उडवायला हे विमान निघालं होतं. वाटेत जर्मन लढाऊ विमानाने गाठलं. डावीकडची दोन्ही इंजिनं बंद पडली, पंखाला आणि विमानाच्या मागच्या भागात आग लागली. वैमानिकाने उड्या टाकायचा हुकूम दिला. मिनार्स्की दाराकडे निघाला तेव्हा त्याला दिसलं की ब्रॉफी आपल्या घुमटात अडकला आहे. घुमट फिरवणारी यंत्रणा इंजिनाबरोबर निकामी झाली होती आणि हाताने फिरवायचा दांडाही तुटला होता. मिनार्स्की आगीतून रांगत त्याच्यापर्यंत गेला. कुऱ्हाडीने प्रयत्न केला, मग नुसत्या हातांनी. घुमट हलेना. ब्रॉफीने त्याला खूण करून परत जायला सांगितलं. तोवर मिनार्स्कीचे कपडे आणि पॅराशूट पेटलं होतं. तो मागे सरकत दारापर्यंत गेला, मित्राकडे तोंड करून उभा राहिला, सलाम केला आणि उडी टाकली. खाली फ्रेंच लोकांना तो सापडला, पण इतका भाजला होता की वाचला नाही. वय वर्षं २७.

आणि ब्रॉफी? विमान जमिनीवर आदळलं तेव्हा तो बाहेर फेकला गेला आणि चक्क जिवंत राहिला. सातांपैकी मेला तो एकटा मिनार्स्की. पुढे ब्रॉफीने काय घडलं ते सांगितलं आणि ऑक्टोबर १९४६ मध्ये मिनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला.

वाचताना अंगावर काटा येतो. माझ्याही आला. वीरपूजा करणाऱ्या तटाला मी म्हणेन, तुम्ही मान दिलात तो योग्यच. पण इथेच थांबू नका. ही गोष्ट आपल्याला का माहीत आहे? ब्रॉफी वाचला म्हणून. तोही मेला असता तर मिनार्स्की हे हजारो नावांतलं एक नाव राहिलं असतं. ज्या विमानांतून सातच्या सात गेले, तिथे कुणी कुणासाठी काय केलं हे सांगायला कुणी उरलंच नाही. आणि अशी विमानं थोडी नव्हती. बॉम्बर कमांडमध्ये सुमारे सव्वा लाख लोकांनी विमानातून काम केलं. त्यातले ५५,५७३ मेले. त्यात कॅनडाचेच सुमारे १० हजार.

हे आकडे नुसते वाचून काही कळत नाही. मी शाळेत शिकवलं आहे, म्हणून माझ्या पद्धतीने मांडते. शंभरातले ४४ गेले. म्हणजे पन्नास मुलांचा वर्ग असेल तर बावीस बाकं रिकामी. हजेरी घेताना दर दोन-तीन नावांमागे एकदा कुणी 'हजर' म्हणत नाही. बरं, यांचं सरासरी वय बावीस-तेवीसच्या आसपास. अकरावी-बारावीची मुलं तुमच्यासमोर बसलेली असतील तर त्यांत पाच वर्षं मिळवा, झालं! तीस मोहिमा पुऱ्या केल्या की एक पाळी संपायची. तीस पुऱ्या होणं ही अर्थातच नशिबाची गोष्ट.

आता माझा खरा मुद्दा. फ्रीमन डायसन हे नाव विज्ञानाच्या वाचकांना ठाऊक असेल. पुढे अमेरिकेत फार मोठा शास्त्रज्ञ म्हणून गाजला. १९४३ मध्ये तो एकोणीस वर्षांचा होता आणि बॉम्बर कमांडच्या मुख्यालयात आकडेमोडीच्या कामावर होता. पडलेल्या विमानांतून किती लोक जिवंत बाहेर पडतात याचा हिशेब तिथे मांडला गेला. दिवसा उडणाऱ्या अमेरिकन बॉम्बरमधून जवळजवळ निम्मे वाचत. रात्री उडणाऱ्या हॅलिफॅक्स आणि स्टर्लिंग या ब्रिटिश विमानांतून शंभरातले पंचवीस. आणि लँकेस्टर, जे सगळ्यांत उत्तम म्हणून नावाजलेलं, त्यातून शंभरातले फक्त पंधरा!

कारण काय? पळायची झडप. लँकेस्टरची झडप बावीस इंच रुंद होती. हॅलिफॅक्सची चोवीस. अंगावर जाडजूड कपडे, वर पॅराशूटचा पट्टा, विमान गिरक्या घेत खाली चाललेलं, काळोख, आणि समोर बावीस इंचांची झडप. डायसनच्या एका सहकाऱ्याने ती झडप मोठी करा म्हणून पाठपुरावा केला. त्यात दोन वर्षं गेली. मंजुरी मिळाली तोवर युद्ध संपत आलं होतं. हे सगळं डायसनने पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे.

दोन इंच, मंडळी! दोन इंच पत्रा कापायचा होता.

मिनार्स्की या झडपेमुळे मेला असं मी म्हणत नाही. तो मागच्या दाराने गेला, आणि मित्राला सोडवता सोडवता मेला. पण त्या मित्राचा घुमट अडकला तेव्हा तो उघडायचा धड उपाय विमानात नव्हता. यंत्राने सोय केली नव्हती, ती माणसाच्या हातांनी करायची वेळ आली आणि ते हात जळाले. आपण त्या हातांना मानाचं पदक दिलं. ठीक आहे. पण वीर का लागला, हा प्रश्न पदकाखाली झाकला गेला. माझं वीरपूजेशी भांडण आहे ते एवढ्यासाठी. कौतुकाचा पाऊस पडला की काळजी न घेतल्याचे डाग धुऊन निघतात.

आणखी एक ऐका. ज्यांच्याने पुढे उडवेना त्यांचं काय झालं? हे सगळे स्वेच्छेने आलेले होते. पण वीस-पंचवीस रात्री मित्रांची विमानं पेटताना बघून एखाद्याचे हात थरथरू लागले आणि तो नाही म्हणाला, तर त्याच्या कागदावर मनोधैर्य नसल्याचा शेरा मारत आणि छातीवरचा उड्डाणाचा बिल्ला काढून घेत. म्हणजे मेलास तर वीर, मोडलास तर भित्रा. विशीतल्या पोरासमोर ठेवलेले हे दोन पर्याय. तिसरा, म्हणजे 'दमला असशील बाळा, बस जरा' असं म्हणणारा, फार थोड्यांच्या वाट्याला आला.

आता भावोजींच्या तटाकडे वळते. ते म्हणतात, शहरं जाळली. जाळलीच. त्यावर पांघरूण घालायची माझी इच्छा नाही. १९४३ च्या जुलैअखेरीस हॅम्बुर्गमध्ये आगीचं वादळ उठलं आणि त्या हल्ल्यांत ३५ ते ४० हजार माणसं मेली. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनला २५ हजारांपर्यंत. बायका, मुलं, म्हातारे. फ्रान्समध्ये रेल्वेची यार्डं उडवताना सामान्य फ्रेंच माणसंही मेली. हिटलरने आधी वॉर्सा, रॉटरडॅम, लंडन, कॉव्हेंट्री जाळली होती हे खरं आहे, आणि हिटलरला हरवणं भागच होतं हेही खरं आहे. तरी हॅम्बुर्गच्या तळघरात गुदमरलेल्या पोराला त्याने काय दिलासा मिळणार?

पण भावोजी, हे ठरवलं कुणी? १४ फेब्रुवारी १९४२ ला ब्रिटिश हवाई खात्याने बॉम्बर कमांडला लेखी आदेश दिला, की यापुढचं मुख्य लक्ष्य म्हणजे शत्रूच्या नागरी लोकांचं, विशेषतः कामगारांचं, मनोधैर्य. मनोधैर्यावर बॉम्ब कसा टाकतात? त्यांच्या घरांवर टाकतात. थोड्याच दिवसांत आर्थर हॅरिस प्रमुख म्हणून आले आणि त्यांनी ते धोरण तडीस नेलं. पंतप्रधान चर्चिल यांना सगळं ठाऊक होतं. ड्रेस्डेननंतर बोभाटा झाला तेव्हा, २८ मार्च १९४५ ला, याच चर्चिलनी सेनाप्रमुखांना टिपण लिहिलं, की निव्वळ दहशत वाढवण्यासाठी जर्मन शहरांवर बॉम्ब टाकणं आता फेरविचारात घ्यायला हवं. सेनाप्रमुख चिडले, मग टिपण मागे घेऊन सौम्य भाषेत दुसरं लिहिलं. पण मनात काय होतं ते कागदावर येऊन गेलं. हात झटकायची तयारी सुरू झाली होती.

ते झटकले गेले ते कुणाच्या अंगावर, हे पुढच्या काळात दिसतं. युद्धानंतर बॉम्बर कमांडसाठी वेगळं मोहीमपदक निघालं नाही. लंडनमध्ये १९९२ साली हॅरिस यांचा पुतळा उभा राहिला. राजमातेने अनावरण केलं, लोकांनी निषेध केला, पुतळ्यावर लाल रंगही फेकला गेला. आणि त्या पोरांचं लंडनमधलं स्मारक? ग्रीन पार्कमध्ये, २८ जून २०१२ ला. म्हणजे हुकूम देणाऱ्याच्या पुतळ्यानंतर वीस वर्षांनी आणि युद्ध संपल्यावर ६७ वर्षांनी! छातीवर लावायची छोटी पट्टी मिळाली ती २०१३ मध्ये. तोवर जे जिवंत होते ते नव्वदीच्या घरात पोचले होते. रनीमीडला १९५३ पासून एक स्मारक आहे, तिथे ज्यांना थडगंही मिळालं नाही अशा वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावं कोरली आहेत, हे खरं. पण देशाच्या राजधानीत त्यांना जागा द्यायला लाज वाटत होती. लाज शहरं जाळल्याची होती, मान्य. पण ती वाहायची कुणी? आपल्याकडे म्हणतात ना, चोर सोडून संन्याशाला फाशी. ती पोरं काही संन्यासी नव्हती. खाली शहर जळतंय हे त्यांना वरून दिसत होतं, आणि त्यांतल्या कित्येकांनी ते ओझं आयुष्यभर वाहिलं. पण धोरणाच्या कागदावर सही त्यांची नव्हती.

म्हणून म्हणते, दोन्ही तटांची चूक एकच. 'वीर' म्हटलं की त्याला कुणी पाठवलं हे विचारायचं राहून जातं. 'खुनी' म्हटलं तरी ते राहूनच जातं. दोन्ही शब्द बोलणाऱ्याचं काम सोपं करतात आणि खुर्चीत बसलेल्याला सुखरूप सोडतात.

राहता राहिला इंग्रजांचा प्रश्न. मला इंग्रज सरकारचं प्रेम आहे असा कुणी समज करून घेऊ नये. त्याच युद्धात, १९४३ च्या दुष्काळात बंगालमध्ये तीसेक लाख माणसं अन्नावाचून आणि रोगराईने गेली, आणि लंडनच्या मंत्रिमंडळाला धान्याची जहाजं पाठवण्याची निकड वाटली नाही. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा कैदेतच गेल्या, २२ फेब्रुवारी १९४४ ला. मिनार्स्की मेला तेव्हा त्या गोष्टीला चार महिनेही झाले नव्हते. हे सगळं लक्षात ठेवूनच मी म्हणते, की विनिपेगमध्ये चामडं कापणाऱ्या पोलिश बाईच्या पोराने कस्तुरबांना कैदेत टाकलं नव्हतं. सरकारशी वैर धरावं. एकेका पोराशी वैर धरून काय मिळवायचं? त्याच सरकारच्या सैन्यात आपलेही पंचवीस लाख लोक होते, हे विसरू नका.

आणि 'आपल्याला त्यांचं काय' असं म्हणायचं असेल तर आता आपलंच उदाहरण घ्या. आपल्या हवाईदलात १९५७ पासून कॅनबेरा नावाची बॉम्बफेकी विमानं होती. पुण्याच्या लोहगाव तळावरही ती होती. शेवटची २००७ साली निवृत्त झाली. या कॅनबेराच्या एका प्रकारात दोघं बसत, वैमानिक आणि नॅव्हिगेटर. वैमानिकाला संकटात विमानातून बाहेर फेकणारं आसन होतं. नॅव्हिगेटरला नव्हतं. त्याने आपलं दारापर्यंत सरकायचं आणि स्वतः उडी टाकायची. सप्टेंबर १९६५ च्या युद्धात असं एक विमान रात्री पाडलं गेलं. वैमानिक आसनासकट बाहेर पडला, युद्धकैदी झाला, जिवंत राहिला. नॅव्हिगेटर विमानाबरोबर गेला. त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्याच्या घरच्यांना न विचारता ते माझ्या भांडणात ओढणं मला बरं वाटत नाही. तो नकाशा सर्वांत चोख वाचणारा, आणि बाहेर पडायची सोय त्यालाच नाही! ही रचना मुळात इंग्लंडमध्ये झाली, पण विमान आपलं होतं आणि पोरगाही आपला होता.

१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीची किती भाषणं ऐकली असतील मी! वक्तृत्व स्पर्धेतली मुलं मुठी आवळून 'रक्ताचा शेवटचा थेंब' म्हणत, पालक टाळ्या वाजवत. त्याच पालकांपैकी एकाचा मुलगा सैन्यात जातो म्हणाला की घरात रडारड. शिवाजी जन्मावा तो शेजारच्या घरी, ही म्हण काही उगाच पडली नाही. आणि त्या भाषणांत आसन, झडप, दार यांचा उल्लेख मी एकदाही ऐकला नाही. स्वतंत्र भारतातल्या शहीद जवानांची नावं एका जागी कोरलेलं राष्ट्रीय युद्धस्मारक दिल्लीत उभं राहिलं ते फेब्रुवारी २०१९ मध्ये. त्याआधी १९७२ पासून अमर जवान ज्योती होती, पण नावानिशी आठवण ठेवायला आपल्यालाही सत्तर वर्षं लागलीच. तेव्हा इंग्रजांना हसण्याइतके आपण पुढे नाही.

मग काय, आठवण ठेवूच नये? ठेवावी, आणि पुरी ठेवावी. ग्रीन पार्कच्या त्या स्मारकात सात जणांचे पुतळे आहेत, नुकतेच विमानातून उतरल्यासारखे दमलेले. आणि तिथेच कोरलंय, की १९३९ ते १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत मेलेल्या सर्व देशांच्या लोकांचंही हे स्मरण आहे. उशिरा का होईना, एवढी एक गोष्ट त्यांना बरोबर सुचली. विमानातला मुलगा आणि तळघरातलं मूल यांना एकाच ठिकाणी आठवता येतं. एकाला आठवण्यासाठी दुसऱ्याला विसरावं लागत नाही.

शिक्षकाची खोड जात नाही, म्हणून प्रश्नपत्रिका देऊनच थांबते. यापुढे कुणी मेलेल्या तरुण सैनिकाबद्दल भाषण ठोकू लागला की त्याला हे पाच प्रश्न विचारा. तो किती वर्षांचा होता? त्याचं काम नेमकं काय होतं? त्याला कुणी पाठवलं, आणि त्या कागदावर सही कुणाची होती? बाहेर पडायची सोय कशी होती? त्याच्या हातून कोण मेलं? पाचही उत्तरं आली तर खुशाल हार घाला, मीही फुलं आणून देईन. उत्तरं येत नसतील तर बोलणाऱ्याला खाली बसवा.

भावोजी, हे तुम्ही वाचणार हे मला माहीत आहे. राग आला असेल तर फोन करा. चहाला या, म्हणजे समोरासमोर भांडता येईल.